एकतेवरचा निबंध: पहिल्यांदा स्पर्धेत उतरणाऱ्यांसाठी

पावसाळा सरत आला की शाळेच्या सूचनाफलकावर निबंध स्पर्धांची परिपत्रकं लागायला लागतात. ३१ ऑक्टोबरचा राष्ट्रीय एकता दिन, १९ ते २५ नोव्हेंबरचा कौमी एकता सप्ताह, २६ नोव्हेंबरचा संविधान दिन, सगळे पाठोपाठ येतात. वाचनालय, पतसंस्था, रोटरी किंवा लायन्स क्लब, पंचायत समिती, कधी एखादं गणेश मंडळ, कुणी ना कुणी विषय देतंच. ‘एकतेतून परिवर्तन’, ‘माझं गाव, माझी जबाबदारी’, ‘सामाजिक सलोखा आणि आजचा विद्यार्थी’. शब्द वेगळे असले तरी मागणी एकच असते: माणसं एकत्र आली की काय चांगलं घडू शकतं, ते लिहा.

मी असे निबंध तपासते. गठ्ठ्यातले बहुतेक ‘भारत हा विविधतेने नटलेला देश आहे’ने सुरू होतात. मध्ये म्हातारा शेतकरी, त्याची चार मुलं आणि काठ्यांची मोळी येते. शेवटी ‘चला तर मग, आपण सारे एक होऊ या’. यात चुकीचं काहीच नसतं, आणि तीच तपासणाऱ्याची अडचण. सगळेच बरोबर असतील तर जास्त गुण द्यायचे कुणाला? या गठ्ठ्यातून आपला निबंध वेगळा कसा काढायचा, ते सांगते. आठवी ते बारावीची मुलं डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय, पण मुलाला पहिल्यांदा स्पर्धेत बसवणाऱ्या आईवडिलांनीही वाचायला हरकत नाही.

आधी परिपत्रक, मग पेन

परिपत्रक सरांनी वर्गात वाचून दाखवलं म्हणजे तुम्ही वाचलं असं होत नाही. त्याचा मोबाइलवर फोटो काढून घ्या आणि घरी बसून ओळ न् ओळ वाचा. आपला गट कोणता (पाचवी ते सातवी, आठवी ते दहावी, कनिष्ठ महाविद्यालय), शब्दमर्यादा किती, निबंध हस्तलिखित हवा की टाइप केलेला, कागदाच्या एकाच बाजूला लिहायचं का, मुख्याध्यापकांचा सही-शिक्का कुठे लागतो. दोन गोष्टींवर तर हमखास निबंध बाद होतात. एक, नाव कुठे लिहायचं. बऱ्याच स्पर्धांत निबंधाच्या पानावर नाव चालत नाही. ते वेगळ्या कागदावर किंवा पाकिटावर लिहायचं असतं, म्हणजे परीक्षकाला निबंध कुणाचा ते कळत नाही. मुलं मात्र हौसेने वरच्या कोपऱ्यात नाव, इयत्ता, तुकडी, हजेरी क्रमांक असं सगळं लिहून मोकळी होतात. दुसरी गोष्ट अंतिम तारखेची. ती निबंध पोस्टात टाकायची तारीख आहे की आयोजकांच्या हातात पोहोचायची? परिपत्रकात स्पष्ट नसेल तर खालच्या नंबरवर फोन करून विचारा. विचारलं म्हणून कुणी रागावत नाही.

निबंधाचा गाभा: कुणी काय सोडलं?

माझ्या मते या विषयावरच्या निबंधाचं सगळं यश एका प्रश्नावर अवलंबून असतं. माणसं एकत्र आली तेव्हा कुणी काय सोडलं?

एकी फुकट मिळत नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारचं नाव शंभरातल्या तीसेक निबंधांत तरी येतं. ‘तिथल्या लोकांनी एकजुटीने गावाचा कायापालट केला’ एवढं लिहून मुलं पुढच्या परिच्छेदाकडे वळतात. आता जरा थांबून बघा. पोपटराव पवार १९८९ साली सरपंच झाले, त्यानंतर गावाने कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी केली. चराईबंदी म्हणजे ज्याच्या घरी शेळ्या आहेत त्याने त्या डोंगरावर सोडायच्या नाहीत. शेतीसाठी बोअरवेल मारायची नाही, ऊस-केळीसारखी भरमसाट पाणी लागणारी पिकं घ्यायची नाहीत, असंही ठरलं. म्हणजे शेजारच्या गावातला शेतकरी उसाचे पैसे मोजत असताना इथल्या शेतकऱ्याने हात आवरायचा. हे त्याला कसं पटलं असेल? पहिल्या वर्षी घरात काय बोलणं झालं असेल? निबंध इथून सुरू होतो.

याच नजरेने बाकीची उदाहरणं बघितली की ती जिवंत होतात. ‘एक गाव एक गणपती’ ऐकायला छान वाटतं, पण त्यासाठी प्रत्येक आळीच्या मंडळाला आपली मूर्ती, आपला मांडव आणि आपलं पावतीपुस्तक सोडावं लागतं. ते सोडताना पोरांची तोंडं कशी झाली असतील ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असेल. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावमध्ये २०२२ सालापासून संध्याकाळी ७ वाजता भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवून मुलं अभ्यासाला बसतात. ही वेळ मालिकांची. तेव्हा तिथल्या आज्यांनी आणि आयांनी काय सोडलं ते सांगायला नको.

‘सगळ्यांनी आनंदाने सहभाग घेतला’ असं वाक्य लिहायचा मोह झाला की पेन खाली ठेवा आणि ज्याला आनंद झाला नव्हता तो माणूस शोधा.

आपला विषय कुठे सापडतो

घरापासून चालत दहा मिनिटांच्या आत. मी हे थट्टेने सांगत नाही. काश्मीर ते कन्याकुमारीबद्दल तुम्हाला पुस्तकातलंच लिहिता येईल, आणि पुस्तक परीक्षकानेही वाचलेलं असतं. तुमच्या बोळात काय झालं ते मात्र तुम्हालाच ठाऊक.

जिथे अनेकांना एकच वस्तू वापरावी लागते तिथे बघा. हापसा, सार्वजनिक नळ, स्मशानभूमीची वाट, पाझर तलावाचं पाणी, शाळेचं मैदान, एसटीचा थांबा. शहरात असाल तर सोसायटीची लिफ्ट, पार्किंग, मुलांची खेळायची जागा, गच्चीची किल्ली. चाळीत राहत असाल तर विषयांची टंचाई अशी कधी होणारच नाही. अशा जागी भांडण झालेलंच असतं, आणि मिटलं असेल तर ते कुणीतरी मिटवलेलं असतं.

एखादी प्रथा बदलली असेल तर तिचाही शोध घ्या. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं, बांगड्या फोडायच्या, मंगळसूत्र तोडायचं, हे आमच्या गावात होणार नाही, असा. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही हा कित्ता गिरवायला सांगितलं. तुमच्या गावाने असा ठराव केलाय का? केला असेल तर त्यानंतर गावात कुणाचं निधन झालं तेव्हा प्रत्यक्षात काय घडलं? ठराव पाळला गेला नसेल तर तेही लिहा. असा निबंध मी तरी पुन्हा एकदा वाचीन.

आणखी एक जागा म्हणजे बाहेरून आलेली माणसं. पश्चिम महाराष्ट्रात दिवाळीच्या आगेमागे मराठवाड्यातून ऊसतोडीच्या टोळ्या येतात, गावाबाहेर त्यांच्या कोप्या (तात्पुरत्या झोपड्या) पडतात, आणि मार्च-एप्रिलात उठतात. कोप्यांवरची काही मुलं तुमच्या वर्गात येऊन बसतात. ती कुणाशेजारी बसतात? दुपारच्या सुट्टीत कुणात खेळतात? त्यांच्याशी तुम्ही किती वेळा बोललात? शहरातल्यांसाठी हाच प्रश्न इमारतीच्या बांधकामावर राहणाऱ्या मुलांचा किंवा रात्री गेटवर बसणाऱ्या वॉचमनच्या घरच्यांचा. बेळगाव, इंदूर, बडोदा इथल्या मराठी मुलांना शेजारच्या घरातली भाषाच वेगळी असते. त्यांचा विषय दाराबाहेर पाऊल टाकताच सुरू होतो.

माणसांशी बोला, आणि लिहून घ्या

विषय हाती लागला की लगेच लिहायला बसू नका. निदान तिघांशी बोला. त्यातला एक असा असू दे, ज्याला तो बदल आवडला नव्हता.

प्रश्न कसे विचारायचे हे महत्त्वाचं. ‘आजी, तुमच्या काळी एकी होती का?’ असं विचारलंत तर उत्तर ठरलेलं: ‘होती की बाळा, आता राहिली नाही.’ वहीत एक ओळही भरणार नाही. त्याऐवजी असं विचारा: ‘आजी, हापसा पहिल्यांदा बसला तेव्हा पहिली घागर कुणी भरली?’ ‘पाण्यावरून सगळ्यात मोठं भांडण कधी झालं?’ ‘मग ते मिटवायला कोण गेलं?’ ‘तेव्हा आजोबा काय म्हणाले?’ वेळ, जागा, वस्तू विचारली की आठवण चालू होते. ‘कसं वाटलं’ हे शेवटी विचारा, किंवा विचारूच नका, बोलण्यातून आपसूक येतं.

त्यांच्या तोंडचं एखादं वाक्य जसंच्या तसं टिपून ठेवा, त्यांच्याच बोलीत. ‘आमी काय पानी अडीवलं न्हाई’ हे वाक्य निबंधात अवतरणात आलं की तो निबंध दुसऱ्या कुणाचा असूच शकत नाही. बोली चुकीची भाषा नाही. अवतरणात ती खुशाल वापरा. फक्त ज्यांचं बोलणं वापरणार त्यांना सांगा की हे स्पर्धेला जाणार आहे. नको म्हणाल्या तर नको.

ग्रामपंचायतीचा ठराव असेल तर ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामसेवक) भेटून प्रोसिडिंग, म्हणजे सभेची नोंदवही, दाखवायची विनंती करा. सोबत शिक्षक किंवा घरचं मोठं माणूस असेल तर काम लवकर होतं. ठरावाची तारीख, सूचक कोण, अनुमोदक कोण हे तिथे लिहिलेलं असतं. गावाची लोकसंख्या द्यायचीच असेल तर ‘२०११च्या जनगणनेनुसार’ असं लिहा, म्हणजे आकडा कुठल्या सालचा यावरून घोळ होणार नाही.

इतिहासातली उदाहरणं: एकच घ्या, पण नीट घ्या

मुलांना वाटतं, जितकी थोर नावं तितके गुण. एका परिच्छेदात शिवाजी महाराज, फुले, शाहू, आंबेडकर, गांधी, गाडगेबाबा आणि अब्दुल कलाम अशी रांग लागते आणि कुणाबद्दलच काही कळत नाही. एकच घ्या, आणि त्यातली कुणालाही चटकन आठवणार नाही अशी बाजू घ्या.

महाडचं चवदार तळं बघा. २० मार्च १९२७ ही तारीख सगळ्यांना पाठ असते. त्याआधीचं कुणी लिहीत नाही. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत असा, सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ‘बोले ठराव’ मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ सालीच मंजूर झाला होता. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये तसा ठराव करून तळं खुलंही केलं होतं, कागदावर. तरी पाण्याला हात लावायला डॉ. आंबेडकरांना हजारो माणसांसह जावं लागलं, आणि नंतर खटला चालून मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल लागायला १९३७ उजाडलं. तुमच्या गावातल्या एखाद्या न पाळलेल्या ठरावाबद्दल लिहिताना या चार सालांचा किती उपयोग होईल बघा.

कर्मवीर भाऊराव पाटलांबद्दल ‘त्यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली’ एवढंच येतं. साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत, एकत्र जेवत. त्या मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी, म्हणजे भाऊरावांच्या पत्नीने, अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही. वर विचारलेल्या प्रश्नाचं याहून थेट उत्तर मला माहीत नाही. साने गुरुजींचंही तसंच. पंढरपूरचं विठ्ठल मंदिर सर्वांना खुलं व्हावं म्हणून मे १९४७ मध्ये त्यांनी उपोषण केलं. निबंधांत हे येतं, पण ‘मंदिर खुले झाले’ या तीन शब्दांत उरकतं.

संविधानाचा दाखला द्यायचा असेल तर लांब जायला नको, उद्देशिका पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीलाच छापलेली असते. ‘राष्ट्राची एकता आणि एकात्मता यांचे आश्वासन देणारी बंधुता’ हे शब्द तिथलेच. थोडं आणखी खोल जायचं असेल तर कलम ५१क वाचा. १९७६च्या ४२व्या घटनादुरुस्तीने मूलभूत कर्तव्यं आली, ती या कलमात आहेत. धर्म, भाषा, प्रदेश यांचे भेद ओलांडून बंधुभाव वाढवणं हे त्यातलं एक कर्तव्य, आणि त्याच पोटकलमात पुढे स्त्रियांच्या प्रतिष्ठेला उणेपणा आणणाऱ्या प्रथा सोडून द्यायचंही सांगितलंय. हेरवाडसारख्या ठरावावर लिहिणाऱ्याला हा धागा सोन्यासारखा आहे.

सुविचारांपासून मात्र सांभाळा. व्हॉट्सअॅपवर फिरणारी निम्मी वाक्यं ज्यांच्या नावावर असतात त्यांची नसतात. पुस्तकात स्वतः वाचलेलं नसेल तर अवतरणचिन्हं आणि नाव दोन्ही टाळा.

लिहायला बसल्यावर

आता एक नमुना. हा मी समजावण्यासाठी रचलाय; तुमचा तुमच्या गावातला खरा असू द्या. पहिल्या खर्ड्यात मुलं साधारण असं लिहितात:

‘आमच्या गावात दरवर्षी ऊसतोड कामगार येतात. ते अत्यंत गरीब असतात. त्यांना पाण्याची फार टंचाई भासते. गावकऱ्यांनी माणुसकी दाखवून त्यांना पाणी दिले. यातून एकतेचे दर्शन घडते.’

पाच वाक्यं झाली, पण डोळ्यांसमोर काही आलं नाही. हीच गोष्ट अशी लिहून बघा:

‘आमच्या आळीच्या हापशावर पहाटे पाचला पहिला हंडा कोपऱ्यावरच्या आजींचा असायचा. डिसेंबरात टोळी आली आणि हापशावर रोज दहा-बारा घागरी वाढल्या. पहिल्याच आठवड्यात भांडण झालं, एक घागर गटारात गेली. दुसऱ्या दिवशी आजी म्हणाल्या, “त्यास्नी सहाला फडात जायाचं हाय. मला कुठं जायाचं हाय?” आणि त्यांनी आपला हंडा सात वाजता न्यायला सुरुवात केली. कुणी बैठक घेतली नाही की ठराव केला नाही. पण हळूहळू पाच ते सहा या वेळात आळीतलं कुणी हापशावर येईनासं झालं.’

‘माणुसकी’ आणि ‘एकता’ हे दोन्ही शब्द इथे नाहीत, तरी दोन्ही दिसतात. वेळ आहे, वस्तू आहे, आजींनी सोडलेला पहिला नंबर आहे. भांडण लपवलेलं नाही, त्यामुळे मिटलेलं खरं वाटतं. ‘अत्यंत गरीब’ हे शब्दही गेले. ते बरंच झालं. ज्यांच्याबद्दल लिहितोय त्यांच्यापैकी कुणी वाचलं तर त्याला खाली बघावं लागू नये.

अशा प्रसंगाने थेट सुरुवात करा. ‘प्रस्तावना’ म्हणून दोन परिच्छेद देशाच्या थोरवीचे लिहिलेत तर आठशे शब्दांतले दोनशे तिथेच संपतात. प्रसंगानंतर तो का घडला, आधी का घडला नव्हता, तुम्हाला त्यात काय दिसलं, यावर या. इतिहासातलं उदाहरण मध्यावर आणा, तिथे ते प्रसंगाला बळ देतं. आणि मग परिवर्तनाचा भाग.

बदल सुचवताना

हा भाग सगळ्यात पोकळ असतो. ‘जनजागृती केली पाहिजे’, ‘तरुणांनी पुढे आले पाहिजे’, ‘शासनाने लक्ष घातले पाहिजे’. ‘पाहिजे’ने संपणारी वाक्यं मोजा आणि प्रत्येकाला विचारा: कोण करणार, कधी, खर्च किती, आणि विरोध कोण करेल? उत्तर नसेल तर वाक्य खोडा.

एकच बदल सुचवा, आणि तो तुमच्या आवाक्यातला असू द्या. उदाहरणार्थ, टोळ्या आल्या की कोप्यांवरच्या मुलांची यादी शाळेला मिळावी म्हणून गळिताच्या सुरुवातीलाच दोन विद्यार्थी आणि एक शिक्षक कोप्यांवर जाऊन येतील. खर्च नाही. अडचण काय? मुलगी शाळेत गेली तर कोपीवर धाकट्या भावाला कोण सांभाळणार, असं तिची आई विचारेल. त्याचं उत्तर तुमच्याकडे नसलं तरी प्रश्न लिहा. परीक्षकाला कळतं की हा मुलगा खरंच तिथे जाऊन आलाय.

बदल गावाने करायचा असेल तर तो कुठे मांडता येतो हेही लिहा. ग्रामसभा वर्षातून किमान चार व्हाव्यात असा नियम आहे, आणि त्या बहुतेक ठिकाणी २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या आसपास होतात. त्याआधी महिलांची ग्रामसभा घ्यायची असते. बऱ्याच गावांत ती कागदावरच होते, हाही निबंधाचा विषय आहे! सोसायटीत राहणाऱ्यांसाठी वार्षिक सर्वसाधारण सभा असते, ३० सप्टेंबरपर्यंत. तंटामुक्त गाव मोहीम १५ ऑगस्ट २००७ला सुरू झाली, तिच्या समित्या गावोगाव नेमल्या गेल्या. तुमच्या गावातली समिती अजून बसते का, शेवटचा तंटा कोणता मिटवला, ते विचारून या.

नावं, जाती, धर्म

इथे हात जपून. शेजाऱ्याचं खरं नाव घालून त्याचं भांडण छापायला पाठवू नका. ‘कोपऱ्यावरचे काका’, ‘किराणा दुकानवाल्या ताई’ पुरतं. सरपंचांसारखा सार्वजनिक पदावरचा माणूस असेल आणि गोष्ट सभेत उघड घडलेली असेल तर पद लिहायला हरकत नाही.

पण सावधगिरीच्या नावाखाली सगळंच ‘काही समाजकंटकांनी’ असं झाकूही नका. जातीवरून वेगळी पंगत बसत होती तर तसं लिहा. मशिदीच्या भोंग्यावरून किंवा मिरवणुकीच्या डीजेवरून तणाव झाला होता, तर तो कसा निवळला ते लिहा. एका जातीला किंवा धर्माला खलनायक करू नका, आणि ‘त्यांच्यातही चांगले लोक असतात’ हे वाक्य तर कधीच नको. लिहिणाऱ्याला ते मोठेपणाचं वाटतं, वाचणाऱ्याला टोचतं. लिहून झाल्यावर त्या समाजातल्या एखाद्या वर्गमित्राला किंवा मैत्रिणीला वाचायला द्या. कुठे भुवया उंचावल्या तर तिथे पुन्हा बघा.

शुद्धलेखन आणि हस्ताक्षर

थोडक्यात सांगते. ‘केले-झाले’ किंवा ‘केलं-झालं’, दोन्ही चालतं, पण एका निबंधात एकच. या विषयावर नेहमी चुकणारे शब्द: ‘सामूहिक’ (मू दीर्घ), ‘आणि’ (णि ऱ्हस्व), ‘मशीद’ पण ‘मशिदीत’, ‘गरीब’ पण ‘गरिबांना’. हस्ताक्षर सुंदर नसलं तरी चालेल, वाचता आलं पाहिजे. निळ्या किंवा काळ्या शाईने, समास सोडून लिहा, आणि खाडाखोड झालीच तर एक सरळ रेघ मारा. व्हाइटनर फासलेलं पान वाळण्याआधी मिटलं की पुढच्या पानाला चिकटतं. शब्द मोजायला प्रत्येक ओळीतले सरासरी शब्द धरून ओळींनी गुणा. मर्यादा ओलांडली असेल तर विशेषणं काढत जा, शंभर शब्द सहज निघतात.

गाईड, चॅटजीपीटी आणि आईबाबा

गाईडमधला निबंध उतरवलात तर गठ्ठ्यात त्याची जुळी भावंडं असतात. कधी कधी एकाच शाळेतली. चॅटजीपीटीकडून लिहून घेतलेला निबंधही आता ओळखू येतो. भाषा गुळगुळीत, प्रत्येक परिच्छेद सारख्या मापाचा, गाव कुठलं ते शेवटपर्यंत कळत नाही. माहिती शोधायला तो वापरलात तर तारखा आणि नावं पुस्तकातून पडताळून घ्या, कारण चुकीचं सालही तो तितक्याच ठामपणे सांगतो. काही आयोजक नियमांतच मनाई लिहितात, तेही बघा.

आईबाबांनी काय करावं? ऐकावं. मुलाला निबंध मोठ्याने वाचायला लावा, आणि जिथे तुम्हाला कंटाळा आला तिथे तसं सांगा. वाक्य तुम्ही बदलून देऊ नका. चाळीस वर्षांच्या माणसाचं वाक्य चौदा वर्षांच्या निबंधात लगेच उठून दिसतं, आणि परीक्षक त्याचे गुण मुलाला देत नाहीत.

पाठवताना

पक्की प्रत शेवटच्या दिवशी लिहू नका. निदान दोन दिवस आधी लिहून एक रात्र मध्ये जाऊ द्या. पानांना क्रमांक घाला, वरच्या डाव्या कोपऱ्यात एकच टाचणी. मुख्याध्यापकांची सही आधी घ्या, दिवाळीच्या सुट्टीत ते भेटत नाहीत. पोस्टाने जात असेल तर स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती जपून ठेवा. गूगल फॉर्मवर फोटो चढवायचे असतील तर दिवसाउजेडी, सावली पडू न देता काढा आणि पानं क्रमाने लावा. प्रत्येक पानाचा फोटो स्वतःजवळ ठेवा, कारण निबंध बहुधा परत मिळत नाहीत.

नंबर आला नाही तरी त्या फोटोंची एक छापील प्रत काढून, ज्यांच्याशी बोललात त्यांना नेऊन द्या. आजींना वाचता येत नसेल तर वाचून दाखवा. काही चुकलं असेल तर त्या लगेच सांगतील. सुचवलेला बदल ग्रामसभेपुढे ठेवावासा वाटला तर त्याचा अर्धा पानाचा अर्ज करा, खाली वर्गातल्या मुलांच्या आणि एका शिक्षकाच्या सह्या घ्या, आणि २६ जानेवारीच्या सभेची नोटीस लागण्याआधी ग्रामपंचायतीत देऊन दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. पोच घेतली नाही तर अर्ज सापडत नाही.